सिटीलिंकचा तोटा आणि निओचं गाजर

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सिन्नर, ओझर, भगूर, त्र्यंबकहून जे रोज नाशिकला जा-ये करतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांनीही वाचा. द्वारका चौकात तुम्ही स्टेअरिंगवर बोटं आपटत बसलेले असता तेव्हा पुढच्या शंभर गाड्यांतली माणसं बसमध्ये का नाहीत, हाच या पोस्टचा विषय आहे.

महापालिकेचं अंदाजपत्रक जवळ आलं की एक बातमी न चुकता येते. सिटीलिंक तोट्यात. कोट्यवधींची तूट. मग कुणीतरी 'पांढरा हत्ती' म्हणतं, कुणी फेऱ्या कमी करा म्हणतं, कुणी तिकीट वाढवा. चार दिवस चर्चा होते, एखाद्या मार्गावरची फेरी गुपचूप बंद होते आणि विषय मिटतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मला या 'तोटा' शब्दाचीच चीड आहे.

पथदिव्यांना तोटा होतो का हो? गोदावरीवरच्या पुलांना? मुंबई-आग्रा हायवेवर शहरातून जो लांबलचक उड्डाणपूल गेलाय, त्याच्याकडे कुणी विचारलं का की बाबा, या वर्षी किती कमावलेस? आपल्या सिन्नर तालुक्यातून समृद्धी गेली. ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या घरात. टोल आहे तिथे, मान्य. पण त्या रस्त्याची रोजची कमाई कंडक्टरच्या बॅगेसारखी संध्याकाळी टेबलावर ओतून कुणी मोजत नाही, आणि कमी भरली म्हणून दुसऱ्या दिवशी एक लेन बंदही करत नाही. रस्त्यावर पैसा टाकला की ती 'गुंतवणूक', बसवर टाकला की तो 'तोटा'. हा शब्दांचा खेळ ज्यांनी लावलाय ते बसने फिरत नाहीत, एवढं मात्र नक्की.

थोडं मागे जाऊ. नाशिकची शहर बससेवा आधी एसटी चालवायची. एसटीने तोट्याचं कारण सांगत हळूहळू अंग काढून घेतलं. मग महापालिकेने स्वतःची कंपनी काढली आणि ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक रस्त्यावर आली. २५० बसचं नियोजन, २०० सीएनजी आणि ५० डिझेल. बस ठेकेदाराची, चालकही त्याचा, त्याला किलोमीटरमागे पैसे. तिकिटाचे पैसे पालिकेचे. वाहक दुसऱ्याच ठेकेदाराचे.

या रचनेत काय होतं ते आपण बघितलंय. वाहकांचे पगार थकले की संप. एकदा नाही, दोनदा नाही, कितीतरी वेळा झाला. मार्च २०२४ चा आठवा. परीक्षांचे दिवस आणि बस डेपोत उभ्या. पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पालिकेकडे, आणि थांब्यावरचं पोरगं रिक्षाला हात दाखवतं. कंत्राटांची तपासणी करा, दंड करा, चुकलेल्यांना घरी पाठवा, माझी काही हरकत नाही. पण कंत्राट शंभर टक्के स्वच्छ झालं तरी तिकिटातून पूर्ण खर्च निघणार नाही, हेही समजून घ्या. जगात फार थोड्या शहरांत तो निघतो. शहर बस ही सेवा आहे. पहाटे पाचची फेरी रिकामी जाते म्हणून ती बंद केली, तर दूधवाला, सिव्हिल हॉस्पिटलची आया आणि पहिल्या पाळीचा कामगार यांनी जायचं कसं? आणि ते सकाळी जाऊ शकले नाहीत तर संध्याकाळच्या भरलेल्या फेरीला तरी येणार कुठून?

आता बस किती हव्यात ते बघू. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. केंद्राच्या शहर विकास मंत्रालयानेच मापदंड घालून दिलेत. हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची. ०.४ ते ०.६ दुसरा दर्जा, ०.२ ते ०.४ तिसरा. त्याखाली चौथा, म्हणजे नापास. नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार. २५० बसला भागा. येतात ०.१७. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची लोकसंख्या धरली आणि नियोजनातली प्रत्येक बस रस्त्यावर आहे असं मानलं, तरी आपण शेवटच्या बाकावर. दुसऱ्या दर्जाला पोचायला तेव्हाच्या लोकसंख्येलाच जवळपास ६०० बस लागतात, पहिल्याला ९०० च्या आसपास. आज वस्ती किती वाढलीय ते पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळकडे एक चक्कर मारली की कळतं.

आता गाजराकडे येतो.

१ फेब्रुवारी २०२१. केंद्रीय अर्थसंकल्प. निर्मला सीतारामन यांनी भाषणात नाशिकचं नाव घेतलं. नाशिक मेट्रो, २,०९२ कोटी. त्या दिवशी नाशिकमध्ये पेढे वाटले गेले. राज्य मंत्रिमंडळाने त्याआधीच, २०१९ साली, या 'मेट्रो निओ'ला मंजुरी दिलेली. सुमारे ३३ किलोमीटर, गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका. त्यानंतर एवढी वर्षं गेली. एक खांब दाखवा. मध्येच बातमी येते की निओ नको, पूर्ण मेट्रोच करू. मग पुन्हा निओ. मग नवा आराखडा. सर्वेक्षण. सादरीकरण. देशात आजवर एकही मेट्रो निओ धावत नाही, आणि आपण मात्र तिच्या स्टेशनांची नावं पाठ करून बसलोय.

बरं, निओ म्हणजे आहे तरी काय? रबरी टायरची लांब जोडबस, वर विजेची तार, तिला टेकलेला दांडा आणि खाली खांबांवरचा रस्ता. 'अत्याधुनिक तंत्रज्ञान' म्हणून आपल्याला विकलेली ही चीज म्हणजे सुधारलेली ट्रॉलीबस. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस चालवली होती. तंत्रज्ञान जुनं म्हणून वाईट असं मी म्हणत नाही, विजेच्या तारेवरची बस चांगलीच. पण मग ती खांबांवर का? खाली, रस्त्याच्या मधोमध, फक्त तिच्यासाठी राखलेल्या लेनमधून का नाही? कारण खाली लेन द्यायची तर गाडीवाल्यांची जागा काढून घ्यावी लागते, पार्किंग हलवावं लागतं, चार दुकानदार नाराज होतात. ती हिंमत नाही, म्हणून हवेत चढायचं, आणि हवेत चढायला हजारो कोटी लागतात म्हणून वाट बघत बसायचं.

जाता जाता एक गोष्ट. नव्या पिढीला माहीत नसेल, पण नाशिकला ट्राम होती. १८८९ च्या सुमारास सुरू झालेली, घोड्यांनी ओढायची. मेन रोडवरून निघून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. त्या काळात मधला भाग सगळा रान. १९३०-३३ च्या आसपास ती बंद पडली. कारण? तोटा! दुष्काळ आणि प्लेगने कंपनीचं कंबरडं मोडलं आणि सावरायला कुणी आलं नाही. रूळ गेले ते गेलेच. मुंबईची ट्राम निदान ३१ मार्च १९६४ पर्यंत टिकली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, आपण अजून त्याच नाशिकरोड-मेन रोड प्रवासाचं कोडं सोडवतोय. फक्त घोडे गेले आणि पॉवर पॉइंट आला.

आता थोडं गणित. आकडे मी हिशोबापुरते धरतोय, तुम्ही तुमचे घालून बघा. आणखी ३०० बस आणल्या. प्रत्येक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली. वर्षाला झाले २ कोटी १९ लाख किलोमीटर. बस, चालक, वाहक, इंधन, देखभाल सगळं धरून किलोमीटरला ७० रुपये खर्च पकडा. वर्षाचा खर्च साधारण १५३ कोटी. आता २,०९२ कोटींना १५३ ने भागा. साडेतेरा वर्षं! म्हणजे निओच्या नुसत्या कागदावरच्या रकमेत ३०० जादा बस साडेतेरा वर्षं चालतात, तेही एकाही प्रवाशाकडून एक रुपयाचं तिकीट न घेता. तिकीट घेतलं तर किती वर्षं, ते तुम्ही काढा. आणि हे ३३ किलोमीटरपुरतं नाही. या बस सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत जातील, सिडकोच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतील, इकडे सिन्नरला येतील.

'पण तो पैसा बांधकामाचा, हा चालवण्याचा, दोन्ही वेगळे' असं अधिकारी सांगतात. बरोबर आहे, तेच तर दुखणं आहे. दिल्ली-मुंबईहून पैसा येतो तो फीत कापण्यासाठी. खांब, स्टेशन, डेपो, नवीकोरी बस, सगळ्याला आहे. त्या बसमध्ये रोज सकाळी गॅस भरायला आणि वाहकाला महिन्याच्या सात तारखेला पगार द्यायला नाही. ते ज्याचं त्याने बघावं. एक अपवाद मात्र नोंदवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा. १० हजार इलेक्ट्रिक बस, केंद्राचे २० हजार कोटी, आणि दहा वर्षं चालवण्याच्या खर्चालाही हातभार. म्हणजे सरकारने मनात आणलं तर चालवण्याचा खर्च देता येतो. नियम आड येत नाहीत.

आता तिकीट. तूट आली की पहिला हात प्रवाशाच्या खिशात जातो. २०२५ हे वर्षच भाडेवाढीचं होतं. जानेवारीत एसटीने १४.९५ टक्के वाढवले. मे महिन्यात मुंबईत बेस्टचं किमान तिकीट ५ वरून थेट १० झालं, एसीचं ६ वरून १२. जूनमध्ये पुण्यात पीएमपीचा दिवसाचा पास ४० वरून ७० आणि महिन्याचा ९०० वरून १५०० वर गेला. म्हणजे रोज कामावर जाणाऱ्या बाईच्या पगारातून महिन्याला ६०० रुपये जास्त. दुचाकीच्या हप्त्यात तेवढी भर घातली की ती बस कायमची सोडते. गेलेला प्रवासी परत येत नाही, रस्त्यावर एक दुचाकी वाढते, बस आणखी रखडते, तूट आणखी वाढते, मग पुन्हा भाडेवाढ.

बेस्टने २०१९ च्या जुलैत उलट केलं होतं. किमान तिकीट ५ रुपयांवर आणलं, मुंबई महापालिकेने मागे पैसा उभा केला, आणि प्रवासी झपाट्याने वाढले. मग गाडं कुठे अडलं? स्वतःच्या बस भंगारात जात राहिल्या आणि तेवढ्या नव्या आल्या नाहीत. ठेक्याच्या बसवर भिस्त, त्यातले काही ठेकेदार मध्येच सोडून गेले. स्वस्त तिकीट घेऊन लोक थांब्यावर उभे आणि बसच येईना. म्हणून नुसतं 'तिकीट कमी करा' एवढीच मागणी मी करणार नाही. आधी बस. दर दहा-पंधरा मिनिटांनी, नक्की येणारी. लोक दोन रुपये जास्त देतील, पण पाऊण तास उभं राहणार नाहीत.

आता आपल्या सिन्नरचं बोलतो, कारण इथे आणखी एक मजा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत. चांगल्या योजना, आणि त्याचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. पण त्या योजना एसटीच्या. महापालिकेच्या बसला त्या लागू नाहीत. त्यामुळे सिन्नर स्टँडवर तुम्हाला हे दिसेल: सिटीलिंक समोर उभी आहे, जागा आहे, आणि बायका ती सोडून एसटीची वाट बघतायत. वेड्या नाहीत त्या. अर्ध्या तिकिटाचा फरक महिन्याच्या शेवटी तेलाच्या पिशवीएवढा होतो. तिकडे एसटी म्हणते सिटीलिंकने आमचे प्रवासी पळवले, आणि सिटीलिंक म्हणते ग्रामीण मार्ग परवडत नाहीत. एकाच जनतेच्या पैशावर चालणाऱ्या दोन बस एकमेकींशी भांडतात. सवलतीचा पैसा राज्याने प्रवाशामागे द्यावा, ती कुणाच्याही बसमध्ये बसो. यात अवघड काय आहे?

आणि हद्दीचा प्रश्न. महापालिकेत कधीतरी कुणीतरी उठून विचारणारच, नाशिककरांच्या घरपट्टीतून सिन्नर-त्र्यंबकच्या फेऱ्यांचा तोटा का भरायचा? प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मात्र 'फेरी बंद करा' हे नाही. मुसळगाव आणि माळेगाव एमआयडीसीत नाशिकरोडहून माणसं कामाला येतात, सिन्नरची पोरं नाशिकच्या कॉलेजात जातात. हद्द कागदावर आहे, पोटापाण्याला हद्द नसते. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नावाची संस्था कशाला काढली मग? बांधकाम परवानगीचं शुल्क घेताना त्यांना आपली गावं बरोबर सापडतात. बसच्या तुटीचा वाटा उचलतानाही सापडायला हवीत. पुण्यात पीएमटी आणि पीसीएमटी एक करून पीएमपीएमएल झाली तेव्हापासून तुटीचा वाटा ठरलेला आहे, पुणे महापालिका ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४०. तिथेही कटकटी आहेत, पण निदान भीक मागावी लागत नाही. आपल्याकडे असं सूत्र का नको? महापालिका, प्राधिकरण, आसपासच्या नगरपालिका, एमआयडीसी आणि राज्य सरकार, प्रत्येकाचा टक्का आधीच लिहून ठेवा. तूट आल्यावर नाही, वर्ष सुरू होण्याआधी.

पैसा आणायचा कुठून, हे विचारणार तुम्ही. मुंबई, पुणे, नागपुरात मेट्रोसाठी घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का अधिभार घेतात. म्हणजे वाहतुकीमुळे जमिनीचा भाव वाढतो आणि त्यातला वाटा वाहतुकीला द्यायचा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते तत्त्व फक्त खांबांवरच्या गाडीला लागू आणि रस्त्यावरच्या बसला नाही, असं का? दुसरं, पार्किंग. शहराच्या मध्यवस्तीत, लाखो रुपये चौरस मीटरच्या जागेवर, लोक दिवसभर फुकट गाडी लावतात. ते शुल्क घ्या आणि थेट बसच्या खात्यात टाका, वेगळ्या खात्यात, जिथून ते फुटपाथच्या फरशांवर उडवता येणार नाही.

आणि एक उपाय असा, ज्याला फारसा पैसाही लागत नाही. बसला रस्ता द्या. समजा एका मार्गाला जायला एक तास आणि यायला एक तास लागतो. दर पंधरा मिनिटांनी बस हवी तर त्या मार्गावर आठ बस लागतात. त्याच मार्गावर राखीव लेन देऊन तो तास पाऊण तासावर आणला, तर सहा बसमध्ये तीच सेवा मिळते. दोन बस फुकट सुटल्या, दुसऱ्या मार्गाला लावा. आज द्वारका, सीबीएस, मुंबई नाक्याला बस जेवढा वेळ नुसती धूर सोडत उभी असते, तेवढा वेळ आपण सगळे मिळून पैसे जाळतोय. थोडा रंग, दुभाजक, चार ट्रॅफिक हवालदार आणि राजकीय हिंमत एवढंच लागतं. शेवटचं सोडून बाकी सगळं बाजारात मिळतं.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. हजारो कोटींची कामं निघालीत, रस्ते, पूल, घाट. शहराबाहेरच्या वाहनतळांवरून भाविकांना आत आणणार कोण? बसच. दर सिंहस्थाला बाहेरून एसटीच्या गाड्या मागवतात आणि पर्वणी झाली की त्या आपापल्या विभागात परत जातात. या वेळी त्या पैशातून दोनशे-तीनशे बस आणि दोन मोठे डेपो कायमचे शहरात राहिले, तर बारा वर्षांनी का होईना, कुंभाचा फायदा सामान्य माणसाला झाला असं म्हणता येईल.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते, आणि प्रशासकाला मतं मागायला यावं लागत नाही. जानेवारीत निवडणूक झाली, सभागृहात पुन्हा १२२ जण बसलेत. प्रचारात मेट्रो सगळ्यांच्या तोंडी होती. बसथांब्याला शेड नाही यावर बोललेले मला तरी फारसे भेटले नाहीत. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठा आणि एवढंच विचारा, येत्या अंदाजपत्रकात सिटीलिंकच्या चालवण्याच्या खर्चाला किती रक्कम धरली, आणि ती बारा महिन्यांना पुरते का? 'मेट्रो येतेय' असं उत्तर आलं तर 'ती येईपर्यंत कशाने जाऊ?' असं विचारा.

सिन्नरच्या मंडळींनी आमदार आणि प्राधिकरणाकडे वेगळा तगादा लावायचा आहे. त्यासाठी मी यादी करतोय. तुमच्या मार्गावरची कोणती फेरी बंद झाली, आधी किती वाजता होती, आणि आता तुम्ही कशाने जाता, किती पैसे लागतात, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि वेळ नक्की लिहा. शिव्या नकोत, वेळापत्रक पाहिजे. येत्या रविवारपर्यंत जेवढं जमेल तेवढं निवेदनाला जोडून देतो.